एका खेळापुरता संगणक

"सर, स्वस्तात संगणक जुळवायचा आहे, कोणता घेऊ?" हा प्रश्न अकरावी-बारावीची मुले हल्ली भौतिकीचा तास संपला की हमखास विचारतात. मी उलट विचारतो, "कशासाठी?" मग थोडे इकडेतिकडे बघून उत्तर येते, "व्हॅलोरंट खेळायला." उत्तर प्रामाणिक आहे, आणि आपल्या दृष्टीने सोयीचेही आहे. सगळ्या कामांना चांगला संगणक कोणता, हे सांगणे अवघड. पण एकच काम ठरलेले असेल, तर त्याला किती वेळ लागतो, तो वेळ नेमका कोठे खर्ची पडतो आणि कोणता भाग बदलला असता तो कमी होईल, याचा चोख हिशेब मांडता येतो. आज तो हिशेब मांडू.

आधी खेळाविषयी दोन शब्द. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने २ जून २०२० रोजी आणला. पाच विरुद्ध पाच असा तो खेळतात. युरोपात तो सोळा वर्षांवरील मुलांसाठी मानला जातो, तेव्हा लहान मुलांनी घरी विचारल्याशिवाय त्याच्या नादी लागू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी आणली. हा खेळ त्या जातीचा नाही. तो फुकट मिळतो. मात्र आतमध्ये बंदुकांची रंगीत आवरणे विकायला ठेवलेली असतात. त्यांनी नेम सुधारत नाही, म्हणून तो खर्च मी हिशेबात धरलेला नाही.

आपला खेळाडू करकंबला राहतो असे धरू. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे हे गाव. उन्हाळा कडक, विजेचा भरवसा बेताचा, आणि खेळाचा सर्व्हर, म्हणजे दहाही खेळाडूंच्या हालचालींची नोंद ठेवणारा दूरचा संगणक, मुंबईत. या तिन्ही गोष्टींशी आपली पुढे गाठ पडणार आहे.

वेगवान म्हणजे काय?

सिनेमात दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे पडद्यावर येतात आणि आपल्याला हालचाल दिसते, हे तुम्ही वाचलेच असेल. संगणकावरच्या खेळातही तेच घडते. पण सिनेमाची चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. खेळातले प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने काढावे लागते. खेळाडू माउस कोणत्या बाजूला सरकवणार हे आधी कोणाला ठाऊक असते?

सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी १००० ÷ ६० = १६.७ मिलिसेकंद मिळतात. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) ३० चित्रे चालणार असतील तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर ६.९ आणि २४० हवी असतील तर अवघे ४.२.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहा. ३० वरून ६० वर गेलो तर प्रत्येक चित्र १६.६ मिलिसेकंद आधी मिळते. ६० वरून १४४ वर गेलो तर ९.८ मिलिसेकंद वाचतात. आणि १४४ वरून २४० वर गेलो तर? फक्त २.७. दुकानातला भाव मात्र नेमका याच्या उलट चढत जातो. पहिली पायरी थोडक्या पैशांत चढता येते, शेवटच्या पायरीला खिसा रिकामा होतो. खेळ हा चरितार्थ असणाऱ्यांना ते २.७ मिलिसेकंद मोलाचे वाटत असतील. आपल्याला किती मोलाचे, हे एका फूटपट्टीने ठरवता येते.

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठा-तर्जनीच्या मध्ये असावी, पण पट्टीला बोटे लागू नयेत. मित्र न सांगता पट्टी सोडील, ती पकडा. शून्यापासून किती सेंटिमीटर खाली येऊन पट्टी थांबली ते वाचा. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्हाला माहीत आहे : अंतर = अर्धा गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले काळाचा वर्ग. पट्टी १५ सेंटिमीटर पडली असेल तर १७५ मिलिसेकंद लागले, २० पडली असेल तर २०२, आणि २५ पडली असेल तर २२६. बहुतेकांचे उत्तर दोनशेच्या आसपास येईल. दहा वेळा करा आणि सरासरी काढा. तुमच्याच दोन प्रयत्नांत वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक सहज दिसेल. रात्री जागरण झाले असेल तर आणखी.

तेव्हा ६० चित्रे सेकंदाला सुरळीत मिळणे ही आपली गरज. १४४ च्या जवळ जाणे ही चैन, पण परवडणारी चैन. त्यापुढे पैसे घालू नयेत, असे मला वाटते.

चरक आणि काहील

एक चित्र तयार करण्यात दोन कारागीर गुंतलेले असतात. पहिला मध्यवर्ती प्रक्रियक, ज्याला दुकानात प्रोसेसर म्हणतात. कोण कोठे उभा आहे, गोळी कोणत्या दिशेने सुटली, भिंत मध्ये आली का, हा सगळा हिशेब तो करतो. दुसरा ग्राफिक्सचा विभाग. हिशेबानुसार पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवणे हे त्याचे काम. ठिपके तरी किती? साधारण चांगल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २०,७३,६००. सेकंदाला ६० चित्रे म्हटली तर बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक ठिपके दर सेकंदाला रंगवायचे! पडदा १३६६ बाय ७६८ चा घेतला तर ठिपके साडेदहा लाखांच्या आत येतात, म्हणजे काम जवळजवळ निम्मे.

दोघे एकाच वेळी काम करतात. ग्राफिक्स विभाग हे चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याचा हिशेब करीत असतो. गुऱ्हाळ पाहिले असेल तर हे चटकन समजेल. इकडे चरक उसाचा रस काढतो, तिकडे काहिलीत रस आटतो. एक आधण उतरायला तीन तास लागत असतील, तर चरक दुप्पट वेगाचा आणून गूळ वाढेल का? वाढणार नाही. रस नुसता साठून राहील. दिवसाचा गूळ ठरतो तो दोघांतल्या संथ गड्यावर.

आता आकडे घालू. समजा प्रोसेसरला एका चित्रामागे ५ मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्सला १६. दर १६ मिलिसेकंदांनी एक चित्र बाहेर पडेल, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२. आता बरेच पैसे मोजून ३ मिलिसेकंदांत काम करणारा प्रोसेसर आणला. चित्रे किती? पुन्हा ६२ च. तेच पैसे ग्राफिक्सवर घालून १६ चे ८ केले असते तर चित्रे १२५ झाली असती.

म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हा, की आपल्या खेळात संथ गडी कोण? मोठी रंगीत, झगमगीत दृश्ये असलेल्या बहुतेक नव्या खेळांत ग्राफिक्स विभाग मागे पडतो, आणि त्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. अशा एका कार्डातच आपले अख्खे अंदाजपत्रक संपेल. व्हॅलोरंट मात्र मुद्दाम साधे रेखाटलेले आहे, जुन्या संगणकांवरही चालावे म्हणून. निर्मात्यांनीच दिलेल्या यादीत सेकंदाला ३० चित्रांसाठी कोअर टू ड्युओ ई८४०० हा २००८ सालचा प्रोसेसर पुरेसा म्हटला होता. ६० चित्रांसाठी आय३-४१५० आणि जीटी ७३० हे लहानसे कार्ड. १४४ साठी आय५-९४००एफ आणि जीटीएक्स १०५० टीआय. रंगकाम हलके असल्यामुळे या खेळात बहुधा प्रोसेसरच संथ गडी ठरतो. ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे.

कारण काही प्रोसेसरांच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स विभाग असतो. २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी हे त्याचे चांगले उदाहरण. सहा गाभे, ६५ वॅट, आणि आतल्या ग्राफिक्सवर हा खेळ कमी तपशिलाच्या मांडणीत साठाच्या बराच वर चालतो. वेगळे कार्ड लागत नाही. असाच नव्या पिढीचा प्रोसेसर घेतला तर त्याचा बोर्ड आणि डीडीआर५ स्मृती यांचा भाव वेगळा पडतो, तो आधी पाहावा.

येथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती न कळल्यामुळे पुष्कळ लोक पैसे घालूनही फसतात. वेगळ्या कार्डाला स्वतःची स्मृती असते. पोटातल्या ग्राफिक्सला ती नसते. तो संगणकाच्या मुख्य स्मृतीतूनच, म्हणजे रॅममधूनच, सगळे उचलतो. डीडीआर४-३२०० या रॅमची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट, अशी देवघेव करते. गुणाकार करा : २,५६० कोटी बाइट, म्हणजे २५.६ गिगाबाइट. दोन पट्ट्या दोन वेगळ्या वाटांवर लावल्या तर ५१.२. आता १६ गिगाबाइट रॅम हवी असताना एक १६ ची पट्टी घ्यायची की ८ च्या दोन? साठा तोच, किंमत जवळपास तीच, पण वाट दुप्पट रुंद. पोटातल्या ग्राफिक्ससाठी ८ च्या दोन घ्याव्यात. दुकानदार "पुढे वाढवता येईल" म्हणून एकच मोठी पट्टी सुचवील. त्याचे म्हणणे चूक नाही, पण ते दुसऱ्या कामासाठी खरे आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, तेव्हा या खात्यात थोडे जास्त पैसे बाजूला काढावे लागतील.

साठवणीसाठी एसएसडी घ्या. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. मात्र तिच्यामुळे खेळ लवकर उघडेल एवढेच. चित्रे वाढणार नाहीत. म्हणून मध्यम आकाराची पुरे.

पडदा आणि प्रोसेसर यांची जोडीही जमली पाहिजे. संगणक १४० चित्रे काढतो आहे आणि पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, तर उरलेली ८० चित्रे कोणी पाहिली? आणि उलट, १४४ वेळा बदलणारा पडदा आणून सेटिंगमध्ये तो ६० वरच राहू दिलेला, हेही मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. माउसचेही पाहा. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. खेळासाठीचा १००० वेळा, दर एका मिलिसेकंदाने. साऱ्या बाजारात सर्वांत स्वस्त मिलिसेकंद माउसमध्ये मिळतात.

जुन्या संगणकाचा सापळा

तुम्ही म्हणाल, जुना आय३ चालत असेल तर कचेऱ्यांतून निघालेला वापरलेला संगणकच का घेऊ नये? विचार योग्य आहे. अशा यंत्रांचे ढीग पुण्या-सोलापुरात विकायला असतात आणि ती बहुधा दणकट असतात. पण येथे वेगाशी संबंध नसलेली एक अट आडवी येते.

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. रायझन असेल तर २००० मालिकेपासून पुढचा. त्याखेरीज टीपीएम २.० नावाची सोय लागते. ही संगणकाच्या आतली एक लहानशी तिजोरी समजा. तिच्यात गुप्त किल्ल्या राहतात. व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचा एक पहारेकरी येतो. लबाडी करणाऱ्या खेळाडूंना पकडणे हे त्याचे काम. विंडोज ११ वर हा पहारेकरी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होतानाच खऱ्या-खोट्या प्रोग्रॅमची ओळख पटवण्याची सोय, या दोन्ही चालू असल्याशिवाय खेळ उघडू देत नाही. "मग फुकटची लिनक्स घालू" म्हणाल, तर तेथे हा पहारेकरी चालतच नाही.

म्हणजे चौथ्या पिढीचा आय३ हिशेब करायला पुरेसा असूनही दारातच अडतो. वापरलेला घ्यायचा तर आठव्या पिढीच्या अलीकडचा घ्यावा, विकणाऱ्यासमोर टीपीएम २.० आहे हे उघडून पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत. असा संगणक चांगला मिळाला तर नव्यापेक्षा तो स्वस्त पडेल, हे मान्य केले पाहिजे.

मुंबई किती दूर?

आतापर्यंतचे सगळे मिलिसेकंद पैशांनी कमी होत होते. आता असे मिलिसेकंद पाहू, की जे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

तुम्ही बटण दाबले की बातमी मुंबईच्या सर्व्हरला जाते, तेथे निवाडा होतो आणि निकाल परत येतो. या जाण्यायेण्याच्या वेळाला खेळाडू पिंग म्हणतात. बातमी जाते काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७, म्हणून तंतूत तो सुमारे दोन लाख किलोमीटर. करकंब ते मुंबई सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर. तार रस्त्यांच्या कडेने वळसे घेत जाते म्हणून ४०० धरू. जायला २ मिलिसेकंद, यायला २, एकूण ४. याच्या आत निकाल येणे निसर्गालाच मंजूर नाही.

आता हाच सर्व्हर सिंगापूरला असता तर? मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ७,८०० किलोमीटर, म्हणजे किमान ३९ मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे. समुद्रातल्या तारा वळसे घेतात ते वेगळेच. २०२० साली या खेळाचा सर्व्हर मुंबईत आला, त्या एका घटनेने भारतीय खेळाडूंचे जेवढे मिलिसेकंद वाचले तेवढे कोणतेही महाग कार्ड वाचवू शकत नाही.

प्रत्यक्षात करकंबला ४ मिलिसेकंद दिसणार नाहीत. वीस, तीस किंवा त्याहून जास्त दिसतील. कारण वाटेत ठिकठिकाणी बातमी थांबवून, वाचून, पुढे धाडली जाते. "मग जास्त वेगाची जोडणी घेऊ का, पन्नासऐवजी शंभर मेगाबिटची?" हा पुढचा प्रश्न. उजनीचा कालवा डोळ्यांसमोर आणा. धरणातून पाणी सोडले की कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते पोचायला वेळ लागतो. कालवा रुंद केला तर पाणी जास्त येईल. पण पहिला थेंब पोचायचा वेळ रुंदीने फारसा बदलत नाही. मेगाबिट ही कालव्याची रुंदी आहे, पिंग हा पहिल्या थेंबाचा वेळ. आणि या खेळाची बातमी म्हणजे जेमतेम पाटाचे पाणी : कोण कोठे आहे आणि काय केले, एवढेच. चित्रे तर तुमचाच संगणक काढतो.

तेव्हा मोठ्या जोडणीचे पैसे वाचवा आणि दोन गोष्टी करा. मोबाइलच्या इंटरनेटऐवजी शक्य असेल तर फायबरची जोडणी घ्या. मोबाइलवर सरासरी पिंग बरा दिसला तरी तो मध्येच उसळतो, आणि नेमबाजीत एकसारख्या ४० पेक्षा कधी २५ तर कधी १५० हे फार वाईट. दुसरे, राउटरपासून संगणकापर्यंत तार ओढा. दहा मीटर लॅनची तार वायफायच्या कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा स्वस्त आणि भरवशाची.

हा सर्व्हर आपला निवाडा सेकंदाला १२८ वेळा करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी. सेकंदाला १४४ च्या पुढे चित्रे काढणाऱ्यांनी हाही आकडा मनात ठेवावा.

पत्र्याची खोली आणि मे महिना

संगणक जी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनवर जळणारा एक जुना बल्ब. त्याच्यावर धातूच्या पाकळ्यांचा उष्माशोषक आणि पंखा बसवलेला असतो. समजा पूर्ण काम असताना हा पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापमानावर रोखून धरतो. डिसेंबरात खोली २२ अंश, तर प्रोसेसर ६७. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ४२, तर ८७. पंखा तोच, काम तेच. ४५ चा फरकही तोच. ५६००जी ची मर्यादा ९५ अंशांची आहे. आता हीच पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवली आणि आतली हवा आणखी आठ-दहा अंश तापली की मर्यादा आलीच. मग प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःचा वेग उतरवतो. खेळाडूला वाटते इंटरनेट संथ झाले.

म्हणून पेटी मोकळ्यावर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. मागे एक आणि पुढे एक असे दोन पंखे पुरेत. पाकळ्यांतली धूळ दोन महिन्यांनी मऊ ब्रशने काढा, त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवा. पेटीच्या काचेतून दिसणाऱ्या रंगीत दिव्यांनी हवा खेळत नाही.

विजेच्या बाबतीत मी काटकसर करू देणार नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी सारे मिळून आपला भार सव्वाशे वॅटच्या आसपास. त्याला ४०० ते ४५० वॅटचा वीजपुरवठा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, भरपूर झाला. पण तो खरा असावा. पेटीबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० छापलेले असले तरी त्या छपाईवर विसंबू नका. किमान ८० टक्के कार्यक्षमतेची खूण असलेला घ्या. पडदा सोडून एकूण खर्चाचा दहावा भाग या एका डब्यावर गेला तर तो वाया गेला असे समजू नका. तो बिघडला तर एकटा जात नाही.

पेटीला हात लावला की मुंग्या येतात, असा अनुभव कित्येकांना असेल. त्याचे कारण मजेचे आहे. एसएमपीएसमध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून पेटीच्या पत्र्याकडे एकेक लहान धारित्र जोडलेले असते, नको असलेली खरखर जमिनीत जावी म्हणून. अर्थिंग नसेल तर पत्रा त्या दोन धारित्रांच्या मधोमध लोंबकळतो आणि २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास, जाऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण ती अर्थिंग नसल्याची खूण आहे. तीन पिनांच्या खुंटीची तिसरी पीन काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे! वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या.

वीज जाते म्हणून यूपीएस हवाच. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते : १२ × ७ = ८४ वॅट-तास. भार १२० वॅट असेल तर कागदावर ४२ मिनिटे. प्रत्यक्षात निम्मीही मिळत नाहीत, कारण इतक्या भराभर उपसली की शिशाची बॅटरी आपली पूर्ण वीज देत नाही. डाव पूर्ण होईलच असे नाही, पण संगणक नीट बंद करायला भरपूर वेळ मिळतो. राउटरलाही त्याच यूपीएसवर घ्या; नाहीतर पडदा उजळलेला आणि खेळ तुटलेला.

जुळवताना

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक पूर्ण झाला, तेव्हा सुमारे २,७०० निर्वात नळ्या हाताने जोडाव्या लागल्या होत्या. त्याची स्मृती प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे १० किलोबाइट. आपल्या दोन पट्ट्यांत ती सोळा लाख वेळा मावेल. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तोही ट्रान्सप्युटर नावाचे लहान लहान प्रक्रियक एकत्र जोडून. त्यांच्यापुढेही प्रश्न आपल्यासारखाच होता : सगळ्या गड्यांना एकमेकांसाठी थांबावे न लागता कामाला कसे लावायचे. त्या मानाने आपली जुळवणी म्हणजे एका दुपारचे काम. एक पेचकस पुरतो.

काम सुरू करण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज निघून जाईल. थंडीच्या कोरड्या हवेत याची विशेष गरज. ५६००जी च्या पोटाखाली १,३३१ नाजूक पिना असतात. त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणावर आणा, बाजूची कडी वर उचला आणि प्रोसेसर अलगद सोडा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दाबावा लागला तर काहीतरी चुकते आहे. वर उष्णता वाहणारा लेप वाटाण्याएवढाच. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. पडद्याची तार बोर्डाच्याच मागच्या बाजूला.

यंत्र सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन तीन गोष्टी पाहा : टीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू, आणि रॅमचा वेग ३२०० वर नेलेला. ही तिसरी गोष्ट आपोआप होत नाही. न केल्यास रॅम कमी वेगाने चालत राहते.

आणि पहिल्याच संध्याकाळी एक प्रयोग करा. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांची संख्या आणि पिंग पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा. सरावाच्या मैदानात एकाच जागी उभे राहून १९२० बाय १०८० वर चित्रे किती ते लिहा. मग पडदा १२८० बाय ७२० वर आणा आणि त्याच जागेवरून पुन्हा लिहा. ठिपके निम्म्याहून कमी झाले आहेत. चित्रे भराभर वाढली तर तुमच्याकडे काहील संथ आहे, ग्राफिक्स मागे पडतो आहे. पडदा थोडा लहान ठेवूनच खेळा. चित्रे होती तेवढीच राहिली तर चरक संथ आहे, आणि मग ठिपके कमी करून उगीच अंधुक पाहण्यात अर्थ नाही. रॅमची एक पट्टी काढून तिसरा आकडा घ्या. संगणक बंद करून आणि खुंटी काढूनच. शेवटचा आकडा मे महिन्यात दुपारी दोन वाजता, अर्धा तास खेळ झाल्यावर घ्यायचा आहे. वहीत त्यासाठी एक ओळ मोकळी ठेवा.